रुपयाएवढे चित्र

फोटोची कला १८३९ साली जगापुढे आली. त्याआधी चेहरा जपून ठेवायचा तर चिताऱ्यापुढे बसावे लागे. चितारी हस्तिदंताच्या पातळ चकतीवर बारीक कुंचल्याने चित्र काढी. चित्र रुपयाएवढे, पण मिशीचा केस न् केस दिसे. कोणी कागदावरही काढीत.

आमच्या आजोबांच्या पेटीत असे एक कागदी चित्र होते. लहानपणी आम्ही ते ओल्या फडक्याने पुसले. रंग पाण्यात कालवलेला! चेहरा गेला, पागोटे तेवढे उरले. अजून हळहळ वाटते.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, चित्रे अशा जुन्या वस्तू जमवल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. विकला नाही.

रायगड पाहायला पाचाडात परगावचे लोक येतात. कोणी जुने चित्र विकत मागितले तर भुलू नका. शंभर वर्षांपूर्वीचे चित्र परदेशी नेऊ देत नाहीत. तसा १९७२ चा कायदा आहे. हस्तिदंत विकणे तर गुन्हाच.

चित्र पुसू नका. कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून डबा भिंतीपासून दूर असावा.