उतारावरील उद्यानरचना व संरक्षक भिंती : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
येऊर व पारसिक डोंगरांचे उतार आणि कल्याणची नेतिवली टेकडी यांच्या अंगाखांद्यावर व पायथ्याशी गेल्या काही दशकांत दाट वस्ती झाली आहे. येथे बागेसाठी सपाट जागा मिळविताना उतार कापून संरक्षक भिंत बांधली जाते व तिच्यामागे भराव घातला जातो. अशी भिंत मातीपेक्षा साचलेल्या पाण्यामुळे अधिक धोक्यात येते; म्हणून उतारावरील उद्यानरचना हे प्रथमतः पाण्याच्या निचऱ्याचे नियोजन होय, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भिंतीवरील रेटा
मातीचा आडवा दाब खोलीनुसार वाढतो. त्यामुळे भिंतीची उंची दुप्पट केल्यास तिच्यावरील एकूण रेटा चौपट व तिला उलथविणारा परिणाम आठपट होतो. मुरुमाच्या कोरड्या भरावामागे ३ मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २.७ टन रेटा येतो. हाच भराव पाण्याने पूर्ण भरला, तर मातीचा वाटा सुमारे १.५ टनांवर येतो. परंतु पाण्याचा स्वतंत्र रेटा सुमारे ४.५ टन असल्याने एकूण भार ६ टनांपर्यंत, म्हणजे दुपटीहून अधिक होतो.

ही केवळ कागदावरील आकडेमोड नव्हे. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री अतिवृष्टीत मालाडच्या पिंपरीपाडा येथे जलाशयाच्या आवाराची भिंत साचलेल्या पाण्यासह झोपड्यांवर कोसळून पंचवीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्याच रात्री कल्याणमध्ये एका शाळेची भिंत शेजारच्या घरांवर पडून ३ जणांचा बळी गेला. भिंत ज्याची, तिचा धोका त्याच्यापेक्षा खाली राहणाऱ्यास अधिक असतो, हे या घटनांतून स्पष्ट होते.

उपाययोजना
एका ३ मीटर भिंतीऐवजी दीड मीटरच्या दोन भिंती पायऱ्यांप्रमाणे बांधल्यास दोहोंवरील एकत्रित रेटा जवळपास निम्मा होतो. मात्र वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर मागे असावी. अन्यथा वरचा भार खालच्या भिंतीवर येतो. भिंतीत बाहेरच्या बाजूस उतरती निचराछिद्रे, त्यांच्यामागे खडीचा थर आणि उताराच्या माथ्यावर पाणी वळविणारे गटार आवश्यक आहे. कोकणातील गडग्यांत दगड चुन्याशिवाय रचलेले असल्याने पाणी फटींतून आपोआप झिरपते. जाळीत दगड भरून बांधलेल्या भिंतींचे तत्त्वही हेच आहे. भिंतीलगत मोठे वृक्ष लावणे व हिरवळीस अतिरिक्त पाणी देणे टाळावे. खोल मुळांचा वाळा मातीची धूप रोखतो. मात्र तो भिंतीस पर्याय ठरत नाही.

निष्कर्ष
पावसाळ्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : छिद्रे बुजली आहेत काय, भिंतीस फुगवटा आला आहे काय आणि वरच्या मातीत भिंतीस समांतर भेगा पडल्या आहेत काय. मुसळधार पावसातही छिद्रे कोरडी राहिल्यास तो इशारा समजावा. फुगवटा वा भेगा आढळल्यास संरचना अभियंत्याचा सल्ला अनिवार्य आहे. उतारावरील महाविद्यालयांनी ही तपासणी स्वतःच्या आवारापासून सुरू केल्यास परिसरातील वस्तीसही त्याचा लाभ होईल.