अठरा तास अभ्यास करणाऱ्या देहाचे काय?

१४ एप्रिल जवळ आला की महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत आम्हांला मनापासून आवडते. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या तरुणापेक्षा पुस्तकापुढे बसलेला तरुण चळवळीच्या केव्हाही अधिक कामाचा, असे आम्ही मानतो. अशाच एका उपक्रमाच्या समारोपाला, मुलांच्या एका वसतिगृहात, संविधानावर बोलण्यासाठी आम्हांला बोलावले होते. भाषण झाले, वंदना झाली आणि मुले पांगल्यावर एक मुलगा बाजूला येऊन उभा राहिला.

"जयभीम सर. संविधानाचं नाही, दुसरंच विचारायचंय," तो म्हणाला.

मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे पोलीस भरतीला जेवढी लागते तेवढीच. शहरात आला तेव्हा वजन ६६ किलो होते, दोन वर्षांत ८४ झाले. भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करताना तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो मैदानावरच पडला. महिनाभर त्याने रात्रीचे जेवण बंद केले होते. सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी. शिवाय स्वाधार योजनेचा हप्ता आला, त्यातून साडेतीन हजार रुपयांचा पावडरचा डबा घेतला होता. खोलीतली मुले त्याला 'ढोल्या' म्हणतात, हे त्याने सर्वांत शेवटी आणि मान खाली घालून सांगितले.

त्या रात्री आम्ही त्याच्याशी तासभर बोललो. ते बोलणे आज येथे लिहीत आहोत, कारण तो मुलगा एकटा नाही.

वजन वाढणे हे श्रीमंतांचे दुखणे, असा आपल्या समाजात अजून समज आहे. मुलाचे पोट सुटले की 'खात्यापित्या घरचा दिसतो' म्हणून आपल्याकडे कौतुक होते. यात नवल नाही. ज्यांच्या आजोबा-आजींनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढले, त्यांना भरलेले अंग हे सुखाचे लक्षण वाटणारच. परंतु विज्ञान आता वेगळेच सांगते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ भारतीय आतून चरबीचा असतो, तो असा. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिकांनी वर्षानुवर्षे जे काम केले त्यातून हेही पुढे आले की, आई अर्धपोटी असेल तर मूल कमी वजनाचे जन्मते, पण त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी अधिक असते. अशा मुलाला पुढे बैठे काम आणि गोडधोड, तळलेले खाणे मिळाले की मधुमेह लवकर गाठतो. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी कोणाला ठेवले गेले, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. म्हणून भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ साली वेगळी मोजपट्टी ठरवली. बीएमआय २३ झाला की वजन जास्त, २५ झाला की लठ्ठपणा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत हवी. १६५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे वजन ६८ किलोला ही २५ ची रेषा गाठते. आमचा मुलगा ८४ वर होता.

हे वजन आळसाने वाढले काय? आम्ही तसे मानत नाही. गावी असताना तो शाळेला सायकलने जात होता, पाणी भरत होता, सुट्टीत आईबापांबरोबर शेतावर राबत होता. शहरात आल्यावर वर्ग, अभ्यासिका आणि खाट एवढीच त्याची हालचाल उरली. ताटातही भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाचे पाणी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य हक्काचे केले, हे चांगलेच झाले. पण गहू-तांदळाने पोट भरते, स्नायू भरत नाहीत. त्यासाठी प्रथिने लागतात. गरिबाच्या ताटात स्वस्तात पडणारे जे प्रथिन होते, त्यावरही घाला आला. १९९५ सालच्या प्राणिरक्षण दुरुस्ती कायद्याला २०१५ साली राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. कोणी काय खावे हे दुसऱ्यांनी ठरवायचे आणि अशक्त राहिले की 'यांच्यात दमच नाही' असेही त्यांनीच म्हणायचे, हा न्याय जुनाच आहे.

आता बाबासाहेबांकडे वळू. १९२० नंतर लंडनमध्ये ते अर्धपोटी राहून शिकले. रात्री कपभर बोव्हरिल आणि भाजलेले पापड एवढ्यावर ते पहाटेपर्यंत वाचत बसत, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ते आपण अभिमानाने सांगतो. पण त्याची किंमत आपण सांगत नाही. पुढे मधुमेहाने आणि संधिवाताने त्यांना गाठले, पायांच्या वेदनांनी रात्रीची झोप गेली. माईसाहेबांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे ठाऊक आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते गेले. धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. ज्या ग्रंथासाठी त्यांनी देह झिजवला तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली छापून आला, त्यांनी तो पाहिला नाही. त्या देहाने आणखी दहा वर्षे साथ दिली असती तर या देशाचा इतिहास काय झाला असता? बाबासाहेबांची उपासमार ही नाइलाजाची होती. तिचे अनुकरण करण्याचे कारण नाही. अठरा तासांचे अनुकरण करायचे असेल तर तो अठरा तास पेलणारा देह आधी कमवावा लागेल.

आणि तथागतांनी तर हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे. काळी कॉफी आणि काकडीवर जगणाऱ्या त्या मुलाला आम्ही विचारले, सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेला काय केले होते? अन्न तोडून तोडून ते हाडांचा सापळा झाले, चालताना कोसळले. उपाशी देहाने सत्य सापडत नाही हे ओळखून त्यांनी तो मार्ग सोडला आणि सुजातेची खीर स्वीकारली. मध्यम मार्ग म्हणतात तो हाच. एका टोकाला अधाशीपणा, दुसऱ्या टोकाला उपासमार, आणि दोन्ही त्याज्य.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची एक गोष्ट येते. राजा द्रोणभर भात खाई. एकदा असाच जेवून तो धापा टाकत भगवंतांजवळ येऊन बसला. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, उपास सांगितला नाही. जेवणाचे प्रमाण ओळखणाऱ्याच्या व्याधी हलक्या होतात आणि म्हातारपण लांबते, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण लावून दिले. राजाचा आहार क्रमाक्रमाने उतरत एका नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. यातले दोन शब्द आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावेत. एक, क्रमाक्रमाने. दुसरा, सोबती. राजाला सुदर्शन लागला, वसतिगृहातल्या मुलाला खोलीतला मित्र लागतो. जो मित्र 'ढोल्या' म्हणतो तो कल्याणमित्र नव्हे. जातीवरून हिणवलेल्या समाजाच्या मुलांनी एकमेकांना देहावरून हिणवावे, यापरते दुर्दैव नाही.

आता व्यवहाराचे बोलू. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते, पुढे वेग मंदावतो. महिन्यात दहा किलो उतरवून देतो म्हणणारा लबाड समजावा. एक वडापाव साधारण ३०० कॅलरींचा. तो जिरवायला आमच्या मुलाला जवळपास तासभर भरभर चालावे लागते. दिवसाला पाच कप चहा आणि कपात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की ही वरची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक चांगले. चहा सोडू नका, साखर निम्मी करा, येथूनच सुरुवात होते. ताटातला भात निम्मा करून त्या जागी डाळ, उसळ आणि भाजी वाढून घ्या. भाकरी मिळत असेल तर सोडू नका.

प्रथिनांसाठी पावडरच्या डब्याची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे. किलोला ०.८३ ग्रॅम हे तिचे प्रमाण. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅम. दोन अंड्यांत १२, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २६ आणि मूठभर फुटाण्यांत १० ग्रॅम मिळतात. पन्नास रुपयांच्या आत काम होते. उरलेले डाळ आणि भाकरी भरून काढतात. घरून येताना आईने बांधून दिलेली सुकट लाजून परत पाठवू नका.

व्यायामासाठी जिमची फी भरण्याचीही गरज नाही. आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस जोर-बैठका, एवढे कोणालाही जमते. जड अंगाने एकदम पळू नये, गुडघे जातात. आधी चाल, मग चाल आणि थोडी धाव, मग फेरी. ज्या पिढीने १९७९ साली नामांतरासाठी दीक्षाभूमीवरून मराठवाड्याकडे पायी कूच केले, तिची नातवंडे एका स्टॉपसाठी रिक्षा करतात, हे बरे नव्हे. बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले ते सभेत खुर्च्या मांडण्यासाठी नव्हे. त्यात कवायत होती, शिस्त होती. विहाराच्या पटांगणात सकाळी अर्धा तास कवायत का सुरू होऊ नये? आणि सात तासांची झोप हवीच. अठरा तासांचा उपक्रम वर्षातून एकदा, रोजचे जागरण नव्हे.

मुलींबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा मुलीने बारीक होण्यासाठी जेवण सोडणे म्हणजे रिकाम्या विहिरीतून पाणी उपसणे. तिने आधी सरकारी रुग्णालयात हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. मैदान मुलांनी व्यापलेले आणि संध्याकाळी वसतिगृहाचे दार बंद, मग तिने चालायचे कुठे, याचे उत्तर अधीक्षकांनी आणि मुलांनीही द्यावे.

सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा मोठ्या शहरांसाठी भोजन भत्ता वर्षाला ३२,००० रुपये ठरला. दहा महिन्यांचे सत्र धरले तर दिवसाला १०६ रुपये, तेही वेळेवर मिळत नसल्याची विद्यार्थ्यांची तक्रार जुनी आहे. हप्ता नसेल त्या महिन्यात मुलगा वडापाववरच जगणार. वसतिगृहात असाल तर भोजन ठेक्याच्या करारनाम्याची आणि आहारतक्त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. २००५ च्या कायद्याच्या कलम ६ खाली दहा रुपयांचा अर्ज पुरतो. करारात अंडी, दूध आणि फळ लिहिलेले असेल आणि ताटात नसेल, तर तुमच्या स्नायूंची चोरी होत आहे असे समजा आणि भांडा.

हे सारे आम्ही उंचावरून सांगत नाही. आमच्याच पिढीने सभा, मोर्चे आणि कोर्टाच्या तारखांत वेळी-अवेळी खाल्ले. काळ्या कोटाचे बटण आता आमच्या पोटावर लागत नाही, साखरेची गोळीही सुरू झाली आहे. विशीत कोणी सांगितले असते तर ऐकले असते की नाही, कोणास ठाऊक. त्या मुलाने मात्र ऐकले. पाच महिन्यांनी परवा त्याचा फोन आला. सहा किलो उतरले आहेत. भरतीचे काय होईल ते पुढे कळेल, पण चौथी फेरी आता तो पूर्ण करतो, आणि ज्या मित्राने त्याचे नाव 'ढोल्या' ठेवले होते तोच पहाटे त्याला उठवून बरोबर पळतो.

चळवळीला विद्वान डोकी हवीत, आणि ती डोकी साठ-सत्तर वर्षे वाहून नेणारे देहही हवेत. येत्या जयंतीला अठरा तास अभ्यासाला बसाल, तेव्हा त्याच पहाटे अर्धा तास आधी उठून मैदानावर या.

जयभीम!