मुळा-मुठेतला मासा ताटात घ्यावा का?

● पाणी कुठून येते : पिंपरी-चिंचवडच्या उद्योगपट्ट्यातली पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, पुढे संगमावर मुठा. शहराचे सांडपाणी घेऊन हा प्रवाह भीमेतून उजनी जलाशयात जातो.

● जिवंत म्हणजे निर्धोक नव्हे : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. पण चिलापी त्याहून कमीतही तगते आणि मांगूर वर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. जाळ्यातला तडफडता मासा पाण्याची ग्वाही देत नाही.

● शिजवून काय जाते : जंतू आणि कृमी मरतात. शिसे, कॅडमियम, पारा मात्र रश्श्यातही तसेच राहतात.

● कुठे साठते : शिसे, कॅडमियम मुख्यतः कल्ले, यकृत, मूत्रपिंडात, म्हणून डोके आणि पोटातला ऐवज टाकून द्यावा. पारा मांसातच मुरतो, मरळीसारख्या मोठ्या शिकारी माशांत जास्त.

● मर्यादा : ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माशात किलोमागे शिसे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. हे प्रयोगशाळेतच कळते, वासावरून नाही.

● काय टाळावे : नाल्याच्या तोंडाशी धरलेले आणि मरून तरंगणारे मासे कुणीच खाऊ नयेत. गर्भवती व लहान मुलांना शहरातल्या पात्रातला कोणताच मासा देऊ नये.