हिशेबाच्या वहीची बदलती मांडणी

पूर्वी हिशेबाचें काम कीर्द आणि खतावणी यांवर चाले. कीर्दींत तारखेवार नोंद व खतावणींत खातेवार नोंद हा रिवाज ठरलेला असल्यामुळें एका हिशेबनिसाची वही दुसऱ्यास सहज वाचतां येई. आज पुष्कळ घरांत व लहान संस्थांत हिशेब संगणकावर लिहिला जातो. तेथें वही दिसत नाहीं, केवळ पडदा दिसतो. पडद्यामागें आंकडे कोणत्या रीतीनें मांडले आहेत हें जाणण्याची गरज एरवीं पडत नाहीं. परंतु ही मांडणी बदलली म्हणजे काय घडतें, याचा आज आपण विचार करूं.

उदाहरणासाठीं ‘ग्नूकॅश’ हा कार्यक्रम घेऊं. १९९८ सालीं त्याची पहिली आवृत्ति निघाली. तो ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता कोणासही वाचण्याची, बदलण्याची व वांटण्याची मोकळीक आहे. २०१० सालच्या २.४ या आवृत्तीपासून त्यांतील हिशेब डेटाबेसमध्यें ठेवण्याची सोय झाली. डेटाबेस म्हणजे रकाने आंखलेल्या तक्त्यांचा संच. एका तक्त्यांत खातीं, दुसऱ्यांत व्यवहार, तिसऱ्यांत त्या व्यवहारांच्या जमा व नांवे रकमा. असे तक्ते हातीं येतांच, मूळ कार्यक्रमाशीं संबंध नसलेल्या लोकांनीं ते थेट वाचणारीं आपलीं साधनें तयार केलीं. कोणी त्यांतून मासिक खर्चाचे तक्ते काढतो, कोणी कराचा हिशेब.

अडचण येथूनच सुरू होते. रकान्यांत जें लिहिलेलें असतें त्याचा अर्थ रकान्यांतच लिहिलेला असतो असें नाहीं. साडेबारा रुपयांची रक्कम येथें १२५० आणि १०० अशा दोन पूर्णांकांनीं ठेवली जाते; एक अंश, दुसरा छेद. संगणकाच्या अपूर्णांकांत होणारी बारीक चूक त्यामुळें टळते. परंतु ज्यानें केवळ अंशच वाचला, त्याचा हिशेब शंभर पटींनीं फुगेल.

तारखेची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जुन्या रीतींत व्यवहाराची तारीख म्हणजे स्थानिक मध्यरात्र धरून ती जागतिक प्रमाणवेळेंत लिहिली जाई. आपली घड्याळें त्या वेळेच्या साडेपांच तास पुढें. त्यामुळें आपल्याकडील १ एप्रिलची नोंद तक्त्यांत ३१ मार्च, १८ वाजून ३० मिनिटें अशी पडे. मूळ कार्यक्रम ती उलट फिरवून बरोबर दाखवी. पण तक्ता जसाचा तसा वाचणारें परकें साधन नव्या आर्थिक वर्षाची नोंद जुन्या वर्षांत टाकी.

यावर उपाय म्हणून पुढें तारखेबरोबर १० वाजून ५९ मिनिटें ही प्रमाणवेळ लिहिण्याची रीत आली. ही वेळ मोठ्या चातुर्यानें निवडलेली आहे. दहा तास मागें असलेल्या हवाई बेटांत तेव्हां ००.५९ वाजलेले असतात, तर उन्हाळ्यांत तेरा तास पुढें असणाऱ्या न्यूझीलंडांत २३.५९. दोन्हीकडे तारीख तीच राहते.

२०१८ सालीं ३.० ही आवृत्ति निघाली, तेव्हां एसक्यूलाइट डेटाबेसमध्यें तारीख लिहिण्याची पद्धतही बदलली. पूर्वी चौदा अंक सलग लिहीत. आतां मध्यें आडव्या रेघा व विसर्गासारखीं चिन्हें आलीं. पांचव्या व सहाव्या स्थानावरून महिना उचलणाऱ्या साधनाच्या हातीं आतां रेघ व एक अंक येऊं लागला. अशीं साधनें अडून बसलीं तर तें एका परीनें हितकरच. जें बंद पडतें त्याची दुरुस्ती होते. जें न अडतां चुकीचा आंकडा देतें, त्याच्यावर आपण विश्वास ठेवून बसतों.

मग दोष कोणाचा? संहिता खुली आहे याचा अर्थ मांडणी कायम राहील असें वचन दिलें आहे, असा नव्हे. परक्या साधनांनीं डेटाबेसमध्यें परस्पर लिहूं नये, असें कार्यक्रमाचे कर्तेच सांगतात. कारण जमा व नांवे सारखे आहेत कीं नाहींत याची तपासणी कार्यक्रम करतो, तक्ता करीत नाहीं. मात्र प्रत्येक तक्त्याचा आवृत्तिक्रमांक नोंदणारा एक स्वतंत्र तक्ता त्यांनीं ठेवला आहे. सावध साधन प्रथम तो क्रमांक पाहतें, आणि अनोळखी आढळल्यास थांबतें.

गृहस्थानें काय करावें? नवी आवृत्ति घेण्यापूर्वी वहीची प्रत निराळी ठेवावी. परक्या साधनास मूळ वही न देतां प्रतच वाचावयास द्यावी. बदलानंतर दोन्हीकडील खात्यांच्या बाकी ताडून पाहाव्या, विशेषतः मार्चअखेरीच्या. आणि वर्ष संपतांच ताळेबंद साध्या मजकुरांत किंवा कागदावर उतरून ठेवावा.

पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागदांचे रुमाल आजही शाबूत आहेत, परंतु मोडी वाचणारे थोडे उरले. कागद टिकला तरी वाचणारा टिकावा लागतो. संगणकाच्या वहीस हा नियम अधिकच लागू आहे, कारण तेथें लिपि काहीं वर्षांतच बदलते.