विश्लेषण : ऑटोमॅटिकच्या जमान्यात ऑफ-रोड गाड्यांत मॅन्युअल गिअर का टिकून आहे?

शहरातल्या वाहतूक कोंडीत क्लच दाबून कंटाळलेला ग्राहक ऑटोमॅटिक गाडीकडे वळतो आहे. मात्र थार, जिमनी, गुरखा यांसारख्या फोर बाय फोर गाड्यांत मॅन्युअल गिअरबॉक्सने आपली जागा राखली आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडाव्यासारख्या काळ्या जमिनीच्या गावात ही निवड केवळ हौसेची राहत नाही. पावसाळ्यात आखाड्यावर जायचे असो की तिथून आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असो, गाडी रुतली तर सगळेच अडते. त्यामुळे कोणता गिअर घ्यावा आणि का, हे पाहू.

बाजारात काय मिळते?

महिंद्राची थार २०१० मध्ये आली आणि पहिली दहा वर्षे ती फक्त मॅन्युअल होती. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत ऑटोमॅटिकचा पर्याय मिळाला, तरी सहा गिअरचा मॅन्युअल कायम राहिला. २०२४ च्या थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते. त्यातही दोन्ही पर्याय ठेवले गेले. मारुती सुझुकीने २०२३ मध्ये आणलेल्या जिमनीत पाच गिअरचा मॅन्युअल किंवा चार गिअरचा ऑटोमॅटिक निवडता येतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०२४ मध्ये गुरखा नव्याने आणली, ती मात्र पाच गिअरच्या मॅन्युअलमध्येच. अमेरिकेतही फोर्डने २०२१ च्या ब्रॉन्कोला सात गिअरचा मॅन्युअल दिला. त्यातला एक गिअर खास रांगत जाण्यासाठी आहे.

काळ्या मातीत नेमके काय होते?

काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि चिकट होते. ती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. अशा वेळी जोरात रेस दिली की चाक आणखी खोल जाते. तिथे वेगापेक्षा चाकाला मिळणारी संथ, एकसारखी ताकद कामाला येते.

‘लो रेंज’ म्हणजे काय?

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टरला जसा हाय-लोचा दांडा असतो, तशीच सोय या गाड्यांत असते. लो लावले की गाडीचा वेग कमी होतो आणि चाकावरची ताकद साधारण दोन ते अडीच पट होते. ट्रॅक्टरच्या डिफरन्शियल लॉकचेही तसेच. एक चाक चिखलात गरगर फिरत असेल, तर हा लॉक एकाच आसावरच्या दोन्ही चाकांना बरोबर फिरवतो. गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे असा लॉक आहे. लो रेंज आणि लॉक या दोन्ही गोष्टी गिअरबॉक्सच्या प्रकारावर अवलंबून नाहीत.

मग मॅन्युअलचा फायदा कोणता?

पहिला फायदा म्हणजे ताबा. चालकाने दुसरा गिअर टाकला की गाडी दुसऱ्यातच राहते. चिखलाच्या मध्यात आपोआप बदलत नाही. ओढ्याचा उतार उतरताना लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून क्लचवरून पाय काढला, की इंजिनच गाडी रोखून धरते. ब्रेक दाबून चाके घसरण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

दुसरा फायदा पैशांचा. त्याच गाडीची ऑटोमॅटिक आवृत्ती बहुतेक वेळा लाखभर ते दीड लाख रुपयांनी महाग पडते. क्लचप्लेट बदलण्याचे काम तालुक्याच्या गॅरेजातला मेकॅनिकही करू शकतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर नांदेड किंवा परभणी गाठावे लागते.

तिसरे कारण सवयीचे. गावातली गाडी एकटा मालक चालवत नाही. मुलगा, पुतण्या, गरज पडली तर ट्रॅक्टरवरचा गडीही स्टिअरिंगवर बसतो, आणि बहुतेक सगळे क्लचवरच शिकलेले असतात.

ऑटोमॅटिक चिखलात कमी पडते का?

नाही. हा मोठा गैरसमज आहे. थार आणि जिमनीच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. त्यामुळे गाडी अगदी हळू सरकवता येते आणि चढावर इंजिन बंद पडण्याची भीती कमी असते. उतारासाठी खालचा गिअर धरून ठेवण्याची सोयही असते.

उलट मॅन्युअलची सर्वांत मोठी कमजोरी चिखलातच दिसते. रुतलेली गाडी काढण्यासाठी क्लच अर्धा दाबून रेस देत राहिले, तर प्लेट घसरून तापते आणि जळका वास येतो. तसेच ताणत राहिले तर क्लच जातो आणि गाडी तिथेच उभी राहते. म्हणजे मॅन्युअलचा फायदा ज्याला क्लच जपता येतो, त्यालाच मिळतो.

ट्रॅक्टरने ओढताना काय सांभाळावे?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना गाडी लांबवर ओढली, तर आतल्या भागांना तेल न मिळता नुकसान होऊ शकते. त्यामुळे पुस्तिकेत दिलेली पद्धत आधीच वाचून ठेवावी. मॅन्युअल गाडी ओढणे तुलनेने सोपे असते. मात्र फोर बाय फोरमध्ये त्याचेही नियम आहेत.

निवड कशी करावी?

रोज गावातच वापर, चालवणारे अनेक आणि बजेट आखीव असेल, तर मॅन्युअल सोयीचा. आठवड्यातले बरेच दिवस नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या गर्दीत जाणार असतील, किंवा क्लचवर हात बसलेला नसेल, तर ऑटोमॅटिक घेण्यात कमीपणा नाही. मात्र गिअरच्या आधी तीन गोष्टी तपासाव्यात : गाडी खरोखर फोर बाय फोर आहे का, लो रेंज आहे का आणि टायर चिखलाचे आहेत का. थारच्या नावावर फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडीही मिळते. ती दिसायला तशीच असली, तरी पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणंद रस्त्यावर तिच्याकडून फोर बाय फोरची अपेक्षा ठेवता येणार नाही.