‘टेक्निकल मुद्द्यावर सुटला’ म्हणजे नेमकं काय? ड्रग्ज केसमध्ये जामीन कशावर ठरतो?

ड्रग्ज प्रकरणातल्या आरोपीला जामीन मिळाला की कमेंट्समध्ये एक वाक्य हमखास दिसतं, ‘टेक्निकल मुद्द्यावर सुटला!’ पण एनडीपीएस कायद्यात हे मुद्दे किरकोळ नसतात. त्याचं कारण कायद्यातच आहे.

जामीन इतका अवघड का?

एरवी जामीन देताना आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, हे कोर्ट पाहतं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ३७ याच्या पुढे जातं. माल ‘व्यावसायिक मात्रेचा’ असेल आणि सरकारी वकिलांनी विरोध केला, तर कोर्टाला दोन गोष्टी पटाव्या लागतात. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही.

तस्कर जामिनावर सुटून पसार होतात, म्हणून १९८९ मध्ये ही अट आली. शिवाय अशा केसमध्ये चार्जशीटसाठी १८० दिवस मिळतात आणि कोर्टाच्या परवानगीने ही मुदत वर्षापर्यंत वाढू शकते.

वजनावर काय ठरतं?

गांजा २० किलोपेक्षा, हेरॉइन २५० ग्रॅमपेक्षा किंवा एमडी ५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर ती व्यावसायिक मात्रा. शिक्षा किमान १० वर्षं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भेसळीसह पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. थोड्या ड्रग्जमध्ये भरपूर पावडर मिसळली, तरी सगळं मोजलं जातं.

त्यात ताबा सिद्ध झाला की आपण निर्दोष आहोत हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणून माल कुठे, कसा आणि कोणासमोर सापडला, हाच कळीचा प्रश्न ठरतो.

पोलिसांवर कोणती बंधनं आहेत?

- कलम ४२: मिळालेली टीप लिहून ठेवायची आणि ७२ तासांत वरिष्ठांना कळवायची.
- कलम ५०: अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे आरोपीला सांगायचं.
- कलम ५२अ: मालाची यादी आणि नमुने मॅजिस्ट्रेटकडून प्रमाणित करून घ्यायचे.
- कबुलीजबाब: एनसीबीसारख्या यंत्रणांच्या अधिकाऱ्यांसमोर कलम ६७ खाली दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ठरवलं.

नमुना बदलला किंवा पुडी नंतर ठेवली, असा संशय राहू नये म्हणून हे नियम आहेत.

मग नियम चुकला की थेट सुटका?

नाही. कलम ५० फक्त अंगझडतीला लागू होतं, बॅगेच्या झडतीला नाही. कलम ५२अ पाळलं नाही एवढ्यावरून जामीन मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. दुसरीकडे, २०२३ च्या एका निकालात सात वर्षांहून अधिक काळ कोठडीत असलेल्या आरोपीला कोर्टाने जामीन दिला. खटला लांबला तर कलम ३७ आडवं येऊ शकत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

चूक झाली तर किंमत कोण मोजतं?

२०२१ च्या क्रूझ प्रकरणात आर्यन खानकडे ड्रग्ज सापडलं नव्हतं. व्हॉट्सॲप चॅट आणि कटाच्या आरोपावर भर होता. मुंबईतल्या विशेष कोर्टाने जामीन फेटाळला, हायकोर्टाने दिला. ३ ऑक्टोबरला अटक झालेला आर्यन ३० ऑक्टोबरला बाहेर आला. मे २०२२ मधल्या चार्जशीटमध्ये पुराव्याअभावी त्याचं नावच नव्हतं.

त्याच्याकडे नामांकित वकिलांची फौज होती. ज्याच्याकडे साधा वकीलही नाही, त्याचा जामीन अर्ज पंचनाम्यातल्या अशाच ‘टेक्निकल’ ओळींवर उभा असतो. आणि जामीन म्हणजे सुटका नाही, खटला पुढे चालूच राहतो.