पतसंस्थेचा अहवाल कुठून वाचायचा?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे पतसंस्थांचे अहवाल बहुधा ऐन पावसाळ्यात घरी येऊन पडतात. अध्यक्षांचे मनोगत, संचालकांचे फोटो खुशाल उलटा. थेट ताळेबंदावर या. डावीकडे ‘भांडवल व देणी’, उजवीकडे ‘जिंदगी व येणी’. उजवीकडचे ‘येणे व्याज’ कर्जांपेक्षा भराभर वाढत असेल, तर नफा बराचसा कागदावरच आहे असे समजायला हरकत नाही.

निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. लाभांशाला साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा. लेखापरीक्षणाचा ‘अ’ वर्ग मुखपृष्ठावर ठळक झळकतो, ‘क’ मिळाला की मात्र शोधावा लागतो!

खरा मजकूर असतो लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांत आणि दोषदुरुस्ती अहवालात. तोच शेरा सलग दोन वर्षे आणि उत्तर तेच, ‘पूर्तता करण्यात येईल’, असे दिसले तर अहवाल मंजुरीला येताच उठून विचारा. ‘ऐनवेळच्या विषयां’पर्यंत थांबलात, तर निम्मे सभासद चहाकडे पांगलेले असतात.